आग्नेलचं न वाकणारं बोट

“ज्या हाताची चार बोटं धड चालत नाहीत, त्या हाताने देवळात वाजवायचं नाही.”

“मग देवाला किती बोटं लागतात ते फादरना विचारून या, बाबा.”

“मला शिकवू नकोस. व्हायोलिनला चार लागतात, तुझी तीन उरली. आणि हा लाकडी डबा देवळात न्यायचा नाही. लग्नाच्या मांडवात वाजवतात तो.”

“उरली तीन, खरं आहे. पण बैल कोणी हाकला होता?”

पलीकडे दार आपटलं.

मी कुंपणाच्या अलीकडे मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते, ती तशीच बसून राहिले. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. वसईजवळ नंदाखालला आमची वाडी आणि निकोलसबाबांची वाडी यांच्या मध्ये मेंदीचं कुंपण होतं, आणि त्यातही माणूस आरपार जाईल एवढं भगदाड. ऐकायचं नाही म्हटलं तर कान घरी ठेवून यावं लागलं असतं. ते दोघं बापलेक त्यांच्या घरच्या बोलीत भांडत होते, ती मला तेव्हा नीट बोलता येत नव्हती, पण भांडण कुठल्याही बोलीतलं कळतंच. इथे मी आपलं सगळ्यांना समजेल असं लिहिते आहे.

ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. निकोलसबाबा त्यांच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. त्यांची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत. आग्नेल त्यांचा एकुलता मुलगा, माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. नऊ वर्षांचा असल्यापासून बापाकडे व्हायोलिन शिकत होता. आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या विहिरीवरच्या रहाटाची गाडग्यांची माळ अडकली. आग्नेल ती सोडवायला वाकला, हात दात्यांच्या चाकावर टेकलेला. निकोलसबाबांना वाटलं झालं काम, त्यांनी बैलाला हाक दिली. मी कुंपणाच्या अलीकडून बघत होते. डाव्या हाताचं अंगठीचं बोट दात्यांत सापडलं. हाड सांधलं, कातडीही छान आली, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. फक्त ते बोट नंतर कधी वाकलं नाही. सरळच्या सरळ राहिलं.

त्या भांडणानंतर थोड्या वेळाने भगदाडातून आग्नेल आला. काखेत गिटार. बोटीवर काम करणाऱ्या त्याच्या मावसभावाने आणून दिलेली.

“वहिनी, ही तुमच्याकडे ठेवू का? घरात जागा नाही.”

एवढं मोठं घर त्यांचं, आणि जागा नाही! मी एवढंच विचारलं, “हिला खायला काय घालायचं?”

तो हसला. बरं वाटलं मला. सकाळपासून त्या घरात कोणी हसलं नसावं.

आमच्या ह्यांनी, म्हणजे काशिनाथरावांनी, पडवीत एक खुंटी ठोकून दिली. तिथे एका बाजूला पिकायला टांगलेले केळीचे लोंगर, दुसऱ्या बाजूला गिटार. आलेला पाहुणा विचारायचा, हे काय हो? हे म्हणायचे, “शेजाऱ्यांची मुलगी आहे, रुसून आली आहे.”

आग्नेल रोज संध्याकाळी वाडीचं पाणी आवरून आमच्या ओट्यावर यायचा. तीन बोटांनी जमेल तेवढंच वाजवायचा. बोटं एका जागी दाबून धरायची आणि सगळ्या तारा एकदम छेडायच्या, मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. त्या जागांना पोरांच्या पुस्तकात जी, सी, डी अशी इंग्रजी अक्षरं आहेत. आग्नेलने त्यांना आपली नावं ठेवली होती. पहिली जागा घर, दुसरी शेजार, तिसरी बाजार.

“बघा वहिनी,” तो सांगायचा, “गाणं घरातून निघतं. शेजारी डोकावतं. मग बाजारापर्यंत जातं, आणि तिथे गेलं की त्याला घरची आठवण येते, धावत परत येतं. झालं गाणं.”

“आणि सगळी गाणी अशीच?”

“साधी माणसं गातात ती बहुतेक अशीच.”

चौथी एक जागा होती, तिथे दोनच बोटं लागायची आणि आवाज उदास यायचा. तिचं नाव त्याने माहेर ठेवलं. त्यावर मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, माहेर उदास का? तर म्हणाला, “तुम्ही माहेरी केळव्याला जाऊन आल्यावर दोन दिवस कशा असता, ते मी कुंपणापलीकडून ऐकतो.” घ्या! म्हणजे कान फक्त मलाच होते असं नाही.

एकदा त्याने मला माझं जात्यावरचं गाणं म्हणायला लावलं आणि बरोबर वाजवायला बघितलं. बराच वेळ एकाच जागी हात ठेवून बसला होता.

“वहिनी, तुमचं गाणं घराबाहेरच पडत नाही.”

“आम्ही तरी कुठे पडतो?”

मग हळूहळू पोरं जमू लागली. आधी त्यांच्यातली दोन-तीन, मग आमच्यातली. सुझान होती, शाळेचा झगा धुळीत लोळवत बसायची. स्टीवन होता, त्याला ताल कधी कळला नाही पण त्याने येणं कधी सोडलं नाही. नाताळची गाणी, लग्नात मांडवाला म्हणतात ती, सिनेमातली, सगळी त्या तीन-चार जागांत बसवलेली. ज्या गाण्याला पाचवी जागा लागायची ते गाणं आग्नेल सोडून द्यायचा. “त्याला प्रवास फार आहे,” म्हणायचा.

शिकवायची त्याची एक रीत होती. पोराच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून बसायचं, आपण वाजवायचं, पोराने बघून करायचं, आणि पोर वाजवायला लागलं की ह्याने डोळे मिटायचे. चूक झाली की मिटल्या डोळ्यांनीच “बाजार लवकर आला” म्हणायचा. डोळे मिटून ऐकायची सवय त्याला बापाकडून लागली होती. त्या रीतीतून पुढे काय घोटाळा झाला ते सांगते, पण आधी निकोलसबाबांचं एक राहिलं.

ते आमच्या ओट्यावर कधी आले नाहीत. गिटारविषयी एक शब्द काढला नाही. पण त्यांच्या घराची आमच्या बाजूची खिडकी, जी डासांसाठी म्हणून संध्याकाळी पाचलाच लावून घ्यायचे, ती त्या वेळेला उघडी असायची. डासांनी त्यांना खूप खाल्लं असणार. पुढे आग्नेलचं जॉयसशी लग्न झालं, पोरंबाळं झाली, निकोलसबाबा गेले, तरी गिटार आमच्याच खुंटीला राहिली. जॉयसची आमच्या अख्ख्या आळीत सुकेळीसाठी ख्याती होती. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात बांधायची. ती म्हणायची, “माझ्या घरात केळ्यांना पाय पसरायला जागा नाही, तुमची ती मुलगी तिकडेच नांदू द्या.”

आपलं बोट कशाने गेलं हे आग्नेलने कधी कोणाला सांगितलं नाही. जॉयसलासुद्धा लहानपणी पडलो एवढंच सांगितलं होतं. रहाटाचं सांगायचं तर बैल कोणी हाकला तेही सांगावं लागलं असतं. एकदा भांडणात तोंडून निघालं तेवढंच. मला माहीत होतं हे त्याला माहीत होतं, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. आता दोघेही बापलेक नाहीत, म्हणून लिहिते.

आता घोटाळा.

माझी नात ओवी बारा वर्षांची. तीही आग्नेलकडेच शिकली. आमच्या ओट्याला आता फरशी बसली आहे, समोरच्या अर्ध्या वाडीत इमारत आली आहे, पण शिकवणं तिथेच चालायचं. तर चर्चमध्ये गाण्याचं बघायला मेलरॉय नावाचा नवा तरुण आला. शिकलेला, मुंबईची गिटारची परीक्षा दिलेला. त्याने गावातल्या पोरांना सांगितलं, तुम्हीही परीक्षा द्या, कागद मिळतो. ओवी आणि आणखी तीन पोरं बसली. परीक्षक मुंबईहून आला. चौघं पास झाली, पण काठावर. चौघांच्याही कागदावर एकच शेरा.

ओवी तो कागद घेऊन ओट्यावर आली. आग्नेल नेहमीसारखा बसलेला.

“अंकल, एक विचारू? हे बोट वर का ठेवायचं असतं?”

“कुठलं बोट?”

“हे. अंगठीचं. परीक्षेचे सर म्हणाले, ते बोट दाबतच नाहीस, त्यामुळे एक सूर राहून जातो. मी म्हटलं, आमच्याकडे असंच शिकवतात.”

आग्नेलने डोळे उघडून तिच्या हाताकडे पाहिलं. मग बाकीच्या तिघांना म्हणाला, “शेजार धरून दाखवा बघू.” तिघांनी धरला. चार पोरं, चार सरळ उभी बोटं, शाळेत बाईंकडे परवानगी मागायला उभी राहावीत तशी. मला हसू फुटलं, कारण मीसुद्धा इतकी वर्षं ती उभी बोटं बघत होते आणि मला वाटायचं गिटार अशीच धरतात! त्याचं बोट वाकत नाही हे मला ठाऊक, आणि पोरांची वाकतात हेही ठाऊक. पण दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्या नाहीत. चहाचा कप धरताना करंगळी वर करतात काही बायका, तसं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

पण आग्नेलचा चेहरा बघितला आणि माझं हसू आत गेलं. तो आपल्या डाव्या हाताकडे असा बघत होता, की जणू तो हात कोणी दुसऱ्यानेच तिथे आणून ठेवला आहे.

“घरी जा पोरांनो,” म्हणाला. “आज एवढंच.”

मग आठ दिवस तो आला नाही. जॉयस भगदाडाशी येऊन म्हणाली, “मंदावहिनी, माणूस जेवत नाही. विचारलं तर म्हणतो, पन्नास वर्षांत किती पोरं झाली असतील ते मोजतोय. सगळ्यांचे हात बिघडवले म्हणतो. तुम्ही बोला.”

मी गेले. तो मागच्या अंगणात केळी सोलत होता, जॉयसची मदत म्हणून.

“ओट्यावर पोरं येऊन परत जातात,” मी म्हटलं.

“त्यांना मेलरॉयकडे पाठवा, वहिनी. मी शिकवणार नाही आता. आणि जुन्यांना सांगून यायला हवं.”

“काय सांगून यायला हवं?”

“की बोट खाली ठेवा म्हणून.”

“सगळ्यांना?”

“जे इथे आहेत त्यांना तरी. तुम्ही बरोबर चला. मला एकट्याला लाज वाटते.”

जॉयसने मागून ऐकलं. “जा, जा. गिटार त्यांच्या घरी, शिकवणी त्यांच्या ओट्यावर, आता माफीसुद्धा त्यांनाच बरोबर घेऊन मागा. मी आहेच केळी राखायला.”

अशी आमची वरात निघाली. तो एकाहत्तर वर्षांचा, मी त्याहून मोठी. आधी गावातली घरं केली. स्टीवनकडे गेलो, तो आता आजोबा झाला आहे. सगळं ऐकून घेतलं त्याने आणि म्हणाला, “म्हणजे अंकल, माझं जे बिघडलं ते बोटामुळे होतं? मला उगाच वाटत होतं मलाच ताल कळत नाही.”

“तुला ताल कळत नाही हे वेगळं,” आग्नेल म्हणाला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड जरा सैल झालं.

सुझानकडे जायला बस आणि पुढे रिक्षा केली. ती लग्नानंतर चंदनसारला राहते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिच्या हॉलच्या भिंतीवर गिटार होती. आग्नेलने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानेच म्हणाला, “सुझान, मी तुला चुकीचं शिकवलं. माझं हे बोट वाकत नाही. रहाटात गेलं होतं. माझीच चूक, लक्ष नव्हतं माझं. तू ते बघून तसंच शिकलीस.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सुझानला आधी कळेना. मग कळलं तशी ती सोफ्यावर बसून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अंकल! कॉलेजमध्ये आमचा ग्रुप होता ना, ती मुलं मला विचारायची, तू असं बोट का ठेवतेस? मी ठणकावून सांगायचे, वसईत असंच वाजवतात. मग तीपण तसंच ठेवायला लागली. त्यातला एक कॅनडात आहे आता!”

“कॅनडात?” आग्नेल खालीच बसला.

“तिथे नाही जायचं आपल्याला,” मी म्हटलं. “बस नाही तिकडे.”

सुझानने हसू आवरलं. त्याच्याजवळ येऊन बसली. “अंकल, खरं सांगते. आई आजारी होती तेव्हा मी सात महिने रोज तिच्या उशाशी वाजवलं. बोट कुठे आहे ते तिने कधी विचारलं नाही.”

“ते तुझ्या आईचं मोठेपण,” तो म्हणाला. “चूक ती चूक. घे गिटार. शेजार धर. आता ते बोट खाली आण. पाचव्या तारेवर, तिसऱ्या पट्टीजवळ.”

म्हणजे कुठे ठेवायचं ते त्याला माहीत होतं. पन्नास वर्षं माहीत होतं. त्याचं बोट तिथे जाऊ शकत नव्हतं, एवढंच. पोरांना सांगायचं मात्र सुचलं नाही, कारण पोरं काय करतात हे त्याने पाहिलंच नव्हतं.

सुझानचं बोट काही केल्या खाली येईना. आलं तर दुसरं उठायचं. आग्नेलने आपल्या उजव्या हाताने तिचं बोट धरून तारेवर दाबलं आणि म्हणाला, “छेड.”

तिने छेडलं.

मला गाण्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं की आवाज मोठा झाला नाही, भरला. खालून काहीतरी आलं त्यात. आग्नेलने डोळे मिटले नाहीत. तिच्या हाताकडे बघत राहिला.

“परत,” म्हणाला. तिने परत छेडलं. असं चार-पाच वेळा झालं.

“हे असं वाजतं तर,” तो म्हणाला. “बाबांच्या व्हायोलिनसारखं.” आणि मग पाणी प्याला, अख्खा तांब्या.

परतताना बसमधून उतरताना म्हणाला, “वहिनी, वाईट वाटलं. पण ऐकायला मिळालं हेही आहे.”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच मेलरॉयकडे गेला. काय झालं ते मेलरॉयनेच मला नंतर सांगितलं. आग्नेल म्हणाला, “माझी पोरं तुमच्याकडे घ्या. बोटाचं सोडून बाकी ठीक आहेत. ताल ठीक आहे.”

मेलरॉय म्हणाला, “अंकल, ताल इतका ठीक आहे की मीच घाबरून असतो. पण एक अडचण आहे. ह्यांना तारा सुरात लावता येत नाहीत. फोनवरच्या सूर तपासायच्या ॲपमध्ये हिरवा दिवा लागला की झालं म्हणतात. फोन म्हणतो बरोबर, आणि सहा गिटारी एकत्र वाजल्या की एकमेकींशी भांडतात. तुम्ही रविवारच्या आधी जरा कान लावाल का?”

आग्नेलने विचारलं, “त्याला बोटं किती लागतात?”

“दोन. खुंट्या पिळायला.”

“मग जमेल.”

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता सायकल काढायचा. चर्चमध्ये वाजवणाऱ्या पोरांची सहा घरं, पहिलं आमचं, कारण ओवीही त्यांच्याबरोबर वाजवायची. शिकवलं पुन्हा कोणाला नाही. ओवीचं बोट तीन महिन्यांत खाली आलं, मेलरॉयच्या हाताखाली. आग्नेल ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि पुढच्या घरी जायचा. मला वाटायचं ह्याला आता सुनं वाटत असेल. एकदा विचारलंही. तर म्हणाला, “पूर्वी पोरं माझ्यासारखं वाजवायची, वहिनी. आता नीट वाजवतात, आणि माझ्या सुरात वाजवतात. ह्याहून जास्त काय पाहिजे?” खरं बोलत होता की मला समजावत होता, सांगता येत नाही. पण सुकेळी मागून मागून खायचा त्या हिवाळ्यात, जॉयसची तक्रार होती.

असे दीड वर्षाचे शनिवार झाले. यंदा जानेवारीत एका रविवारी पहाटे तो झोपेतच गेला. जॉयस उठवायला गेली तेव्हा कळलं. त्याच्या आदल्या दिवसाचं तेवढं लिहिते.

चार वाजता आला. सायकल नारळाला टेकवली, पाय पुसले. मी चहाचं विचारलं तर म्हणाला, आधी गिटार. ओवी शाळेच्या शिकवणीला गेली होती. त्याने ओवीची गिटार मांडीवर घेतली, एकेक तार छेडली, कान तिच्या पोटाला लावला. तिसरी तार त्या दिवशी हट्टाला पेटली होती, पिळली की चढायची, सोडली की उतरायची. “थंडीत करते असं,” म्हणाला, आणि तिच्याशीच काहीतरी पुटपुटत बसला. मी वाल सोलत होते. शेवटी सहाच्या सहा लागल्या. एकदाच सगळ्यांवरून अंगठा फिरवला आणि गिटार होती तिथे ठेवली.

चहा अर्धाच प्याला, गोड झाला म्हणाला. माझ्या हातचा चहा त्याला पन्नास वर्षं गोडच होत होता.

“ओवीला सांगा, पहिली तार झिजली आहे. पुढच्या आठवड्यात बदलू. आणि गिटार खिडकीत ठेवू नको म्हणावं, ऊन लागतं.”

“सांगते.”

“अजून पाच घरं आहेत,” म्हणाला, चपला घातल्या, सायकल वळवली, आणि स्टीवनच्या नातवाच्या घराकडे गेला.